पायांची आग आणि बाईचं ताट

(महिला गटांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेवर माझ्या नावासमोर 'तळपायांची आग : आहार आणि काळजी' असा विषय छापला आहे. काल रात्री जेवणं झाल्यावर दोघीतिघींनी मला विचारलंच, की पोटगी, रेशन, मारहाण एवढे विषय समोर असताना पायांच्या आगीवर अख्खं सत्र कशाला? त्यांना उत्तर तुम्हीच द्या. रात्री पायांवर पांघरूण सहन होत नाही, झोपताना पाय गार फरशीला लावावेसे वाटतात, अशा किती जणी आहेत? हात वर करा. आता जरा मागे वळून बघा.

यातला प्रत्येक हात एकाच आजाराचा नाही, हे आधीच सांगते. पण उत्तर मात्र बहुतेकींना एकच मिळालेलं असणार : 'उष्णता झाली.' आणि उष्णतेच्या पाठोपाठ येतं पथ्य. हे खाऊ नको, ते सोड. आज मला मुख्यतः या पथ्याबद्दल बोलायचं आहे.

मी डॉक्टर नाही. तीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणजे तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिले. मला जो आजार आहे त्याचं नाव एरिथ्रोमेलाल्जिया. नावाला घाबरू नका, ग्रीक शब्दांची जोडणी आहे : लाल, अवयव आणि वेदना. पाय लाल होतात, हात लावला तर तापलेल्या तव्याजवळ नेल्यासारखे गरम लागतात, आणि आत आग होते. कुणाला हातांना, कानांनाही होतं. ही आग चोवीस तास नसते, तिचे झटके येतात. ऊन, चालणं, फार वेळ उभं राहणं, बंद बूट, मोजे, गोधडी, गरम पाण्याची अंघोळ यांनी ती भडकते. पाय वर घेतले, वारा लागला की उतरते. आजार दुर्मीळ आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००० साली आपल्याकडच्या १६८ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, त्यात जवळपास तीन चतुर्थांश बायका होत्या.

मला हे नाव मिळायला सात वर्षं लागली. उष्णता, चिखल्या, चपलेची ॲलर्जी, पाळी जायचं वय, सगळं होऊन गेलं. एका डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, बाईंच्या मनावर ताण आहे. गंमत अशी, की हा आजार संध्याकाळी आणि रात्री जोर करतो, आणि ओपीडी असते सकाळी. सकाळी दहाच्या गारव्यात माझे पाय अगदी शहाण्या मुलासारखे गप्प बसायचे. शेवटी मुलीने रात्री अकरा वाजता मोबाइलवर पायांचे फोटो काढले, त्यावर तारीख-वेळ होती. ते फोटो बघून पुढच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा मला खाली बसवून माझ्या पायांना हात लावला. म्हणून माझी पहिली सूचना खाण्याची नाही, फोटोची आहे. आणखी एक. पुस्तकांतले लाल पाय गोऱ्या माणसांचे असतात. आपल्या सावळ्या कातडीवर लाली तशी उठून दिसत नाही, पाय काळपट-तांबूस किंवा जांभळट दिसतात. 'कुठे लाल आहे?' असं कुणी म्हटलं तर हाताच्या पालथ्या बाजूने पाऊल आणि पोटरी दोन्हींना स्पर्श करून बघायला सांगा. फरक लगेच कळतो.

या आजाराला नाव दिलं सायलस वेअर मिचेल या अमेरिकन डॉक्टरने, १८७८ साली. फिलाडेल्फियाचा हा मोठा माणूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या नसांच्या वेदनांवर त्याने फार मोलाचं काम केलं. सैनिक म्हणाला आग होते, तर त्याने ते खरं मानलं, लिहून ठेवलं, त्याला नाव दिलं. याच मिचेलचा बायकांसाठी एक प्रसिद्ध उपचार होता : सक्तीची विश्रांती. बाई खचलेली असली, अस्वस्थ असली, की तिला कित्येक आठवडे अंथरुणावर ठेवायचं, माणसांपासून तोडायचं, वाचन-लेखन बंद करायचं आणि भरपूर दूध पाजून, खाऊ घालून तिला गुटगुटीत करायचं. शार्लट पर्किन्स गिलमन ही लेखिका १८८७ साली त्याच्याकडे गेली. घरसंसारात राहा आणि लेखणीला हात लावू नको, असा सल्ला घेऊन ती परत आली आणि वेडाच्या काठावर पोचली, असं तिने पुढे स्वतः लिहिलं आहे. तिची 'द यलो वॉलपेपर' ही १८९२ सालची कथा त्या उपचारातून निघालेली आहे. तुमच्यापैकी काही जणींनी ती वाचली असेल. सैनिकाच्या दुखण्याला नाव आणि बाईच्या दुखण्याला दूध, हा एकाच डॉक्टरचा व्यवहार आहे. त्याला दीडशे वर्षं होत आली. बाईने काय खावं, किती हलावं हे दुसऱ्याने ठरवायचं, ही रीत आपल्या घरांत अजून चालू आहे. म्हणून ही गोष्ट सांगितली.

आता ताटाकडे येते.

आपल्याकडे 'उष्ण' पदार्थांची यादी प्रत्येक घरात तोंडपाठ असते. अंडी उष्ण. मासे, मटण उष्ण. बाजरी उष्ण. शेंगदाणे, तीळ, गूळ, पपई उष्ण. ही यादी जरा तपासून बघा. अंडी-मासे-मटण म्हणजे प्रथिनं आणि बी-१२. बाजरी, तीळ, शेंगदाणे म्हणजे मॅग्नेशियम, लोह, प्रथिनं, आणि तीही गरिबाला परवडणारी. पायांची आग होते म्हणून बाईने हे सगळं सोडलं तर ताटात उरतं काय? भात, पातळ वरण, चहा. त्यात सोमवार, चतुर्थी, नवरात्र. उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळपास नुसतं पिष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी, आणि त्यांना आपण सांगतो, अजून थोडं सोड.

आणि पायांची आग ही मुळात उपाशीपणाचीही खूण असते. १९४६ साली डॉ. सी. गोपालन यांनी पाय जळण्याच्या या विकारावर लेख लिहिला. हेच गोपालन पुढे भारतातल्या पोषणशास्त्राचे आघाडीचे शास्त्रज्ञ झाले. अपुरं आणि निकस खाणाऱ्या गरीब माणसांत त्यांना हा विकार दिसला होता आणि त्याचा संबंध त्यांनी ब गटातल्या जीवनसत्त्वांच्या कमतरतेशी जोडला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या छावण्यांत उपाशी ठेवलेल्या कैद्यांचेही पाय असेच जळत होते. म्हणजे जिला जास्त खायची गरज आहे, तिच्याच ताटातून आपण 'उष्ण' म्हणून घास काढून घेत असू, असं पुष्कळदा होण्यासारखं आहे.

म्हणून पाय जळणाऱ्या बाईने आधी काही सोडायचं नाही, आधी तपासून घ्यायचं. तपासण्या साध्या आहेत, सरकारी रुग्णालयात विचारा : रक्ताची पूर्ण मोजणी, साखर, बी-१२, थायरॉइड, मूत्रपिंडाचं काम. मधुमेहाने नसा बिघडल्या की पाय जळतात. मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं, आणि त्यानेही जळतात. दूध-दही फारसं वाट्याला न येणाऱ्या शाकाहारी बाईचं बी-१२ कमी असणं तर नेहमीचंच. (दुभतं घरात असतं हो, पण ते कुणाच्या पेल्यात जातं ते तुम्हाला ठाऊक आहे.) क्षयाच्या औषधांतल्या आयसोनियाझिडने पायांना मुंग्या येतात, आग होते. त्यासाठी बी-६ ची गोळी देतात, ती मिळते की नाही ते बघा, पण क्षयाचं औषध मात्र मनाने बंद करू नका. रक्तदाबाच्या निफेडिपिनसारख्या गोळीनेही काहींचे पाय लाल-गरम होतात, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि रक्तमोजणी अशासाठी, की माझ्या आजाराचा एक प्रकार प्लेटलेट किंवा लाल पेशी प्रमाणाबाहेर वाढल्याने होतो. तो वेळेवर कळायलाच हवा, कारण त्यात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो. त्या प्रकारात ॲस्पिरिनच्या छोट्या मात्रेने पुष्कळदा झटकन आराम पडतो. म्हणून शेजारणीचं बघून ॲस्पिरिन सुरू करायचं का? नाही. पोटात व्रण असेल, डेंग्यूचा ताप असेल तर ती महागात पडते. काही घराण्यांत आजार वंशाने येतो. नसांमधल्या एका जनुकातला तो दोष २००४ साली चीनमधल्या संशोधकांनी दाखवून दिला. ज्यांना लहानपणी कुणी 'नाटकं करते' म्हणालं, त्यांनी हे साल लक्षात ठेवावं.

मग खाण्याने काहीच फरक पडत नाही का? पडतो, पण प्रत्येकीचा वेगळा. या आजाराचं असं सर्वांना लागू होणारं पथ्य कुणी सिद्ध केलेलं नाही. रुग्णांच्या सांगण्यात पुन्हा पुन्हा येतात ते दारू आणि जळजळीत तिखट. माझ्यापुरतं म्हणाल तर लाल मिरचीचा ठेचा आणि रात्री उशिरा पोट भरून जेवण, या दोन गोष्टी. कढत आमटी मला चालत नाही, तीच कोमट झाली की चालते. बाजरीची भाकरी आणि अंडं मी रोज खाते, पाय काही म्हणत नाहीत. हे मला कुणी सांगितलं नाही, वहीने सांगितलं.

वही कशी ठेवायची ते ऐका. एका पानावर एक दिवस. काय खाल्लं, किती वाजता. किती वेळ उभी होते, ऊन होतं का, चूल-गॅसपुढे किती वेळ गेला. पाळीचा कितवा दिवस. झटका कधी आला, किती टिकला, दहापैकी किती दुखला. पहिले दोन आठवडे काहीही बदलायचं नाही, नुसतं लिहायचं. मग ज्याचा संशय येतो असा एकच पदार्थ दोन आठवडे बंद करायचा, एका वेळी एकच. मग तो पुन्हा खाऊन बघायचा. फरक नसेल तर तो पदार्थ निर्दोष, परत ताटात. हे परत ताटात घेणं महत्त्वाचं आहे. आपल्या बायका सोडायला तयारच असतात, परत घ्यायला लाजतात. लिहिता येत नसेल तर टिंबं आणि चित्रं चालतात, आमच्या गटातली एक आजी मिरचीचं चित्र काढते.

मॅग्नेशियमबद्दल विचारणार आहात, कारण आजकाल मोबाइलवर सगळे तेच सांगतात. जे कोहेन नावाच्या अमेरिकन डॉक्टरला स्वतःला हा आजार होता. मॅग्नेशियमच्या मोठ्या मात्रेने काही रुग्णांना फायदा झाल्याचं त्याने २००२ साली लिहिलं. सगळ्यांना होतो असं नाही. मोठ्या मात्रेने जुलाब लागतात, आणि मूत्रपिंडं कमजोर असतील तर ते रक्तात साठून जिवावर बेतू शकतं. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. जेवणातून मात्र निर्धास्त खा : बाजरी, नाचणी, राजगिरा, तीळ, कारळ्याची चटणी, शेंगदाणे, डाळी, पालक. मूत्रपिंडाचा आजार असेल तर तेवढं मात्र आधी विचारून घ्या. ताक, कोकमाचं सरबत, नाचणीची आंबील प्यायला हरकत नाही, गार वाटतं आणि पोटात काहीतरी जातं. त्याने आजार जातो असं मात्र मी म्हणणार नाही.

आता पायांची काळजी. यात एक गोष्ट अशी आहे की बाकी सगळं विसरलात तरी ती विसरू नका. बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून बसायचं नाही. आग असह्य होते तेव्हा बादलीत बर्फ टाकून पाय घालावेसे वाटतात, आणि त्या वेळी बरंही वाटतं. पण पाय बाहेर काढले की आग दुप्पट होऊन येते, मग पुन्हा बादली. असं तासन्‌तास करणाऱ्यांची कातडी पांढरी पडून भिजते, फाटते, जखमा होतात, त्या चिघळतात. मधुमेह असेल तर बोलायलाच नको. त्याऐवजी पंखा. पाय उशीवर, पंख्याचा वारा पायांवर. फारच झालं तर माठातल्या पाण्यात फडकं भिजवून घट्ट पिळायचं, पाच-दहा मिनिटं पायांवर ठेवायचं, मग बोटांच्या बेचक्यांपर्यंत पाय कोरडे करायचे.

काशाच्या वाटीने तळपाय घासून घेतले की बऱ्याच जणींना झोप लागते. लागू दे. कुणीतरी आपले पाय चोळतंय हेच बाईच्या वाट्याला कधी येतं? पण वाटी काळी पडते ती आतली उष्णता बाहेर पडते म्हणून नव्हे, तो काळेपणा धातूचा आणि तेला-तुपाचा. आणि माझ्यासारखा आजार असेल तर घासण्याने पाय आणखी तापतात. मेंदी लावायची तर पानं वाटून. काळ्या मेंदीच्या कोनात केसांच्या कलपातलं पीपीडी हे रसायन घातलेलं असू शकतं, त्याने फोड येतात.

जोडवी काढा. झटक्यात बोटं सुजतात आणि जोडवं रुततं. मी हे सांगते तेव्हा सभेत नेहमी शांतता पसरते, आत्ता पसरली तशीच. एका बाईला दवाखान्यात जोडवं कापून काढावं लागलं, तेव्हा सासूबाई आधी बोटाकडे बघायच्या की तुटलेल्या चांदीकडे, ते मी सांगायला नको.

आणि सगळ्यात अवघड औषध : पाय वर घेऊन बसणं. फुकटचं आहे, आणि बाईला तेच परवडत नाही. सासऱ्यांसमोर पाय वर? देवघराकडे पाय? दुपारी चार वाजता पाय वर करून बसलेली सून दिसली तर शेजारीण विचारते, 'काय, बरं नाही का?' त्यावर मला एक युक्ती सापडली आहे. डॉक्टरांना सांगून औषधांच्या चिठ्ठीवर मराठीत लिहून घ्यायचं : दर दोन तासांनी पंधरा मिनिटं पाय उंचावर ठेवून पंख्याखाली बसणे. ती चिठ्ठी भिंतीवर लावायची. बाईच्या शब्दाला जी किंमत नाही ती डॉक्टरांच्या शिक्क्याला आहे. हे मला आवडतं असं नाही, पण पाय तर आज रात्री जळणार आहेत.

स्वयंपाकघरात एक उंच स्टूल ठेवा. उभ्याचा ओटा बायकांच्या सोयीसाठी आला म्हणतात, पण पोळ्या लाटणारीला तो सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास उभी ठेवतो. निवडणं, चिरणं, मळणं खाली किंवा स्टुलावर बसून होतं. पायांत उघडी, सैल चप्पल.

कामाच्या जागी काय? दुकानात साडी दाखवणारी मुलगी बारा तास उभी असते, गिऱ्हाईक नसलं तरी. केरळमध्ये कोळीकोडला पी. विजी आणि त्यांच्या पेनकूट्टू या संघटनेने दुकानांतल्या बायकांसाठी आधी मुतारीची आणि मग बसण्याची मागणी लावून धरली. २०१८ साली केरळने कायद्यात दुरुस्ती करून दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क दिला, २०२१ साली तामिळनाडूने तसा कायदा केला. १९४८ च्या कारखाने कायद्यातही उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय ठेवा असं ४४ वं कलम होतं, पण कापडदुकानातल्या मुलीला त्याचा काय उपयोग? आपल्या गटांनी आपापल्या बाजारपेठेत एक दिवस फिरून एवढंच मोजावं : किती दुकानांत विक्रेत्या बायकांसाठी स्टूल आहे. आकडे हातात असले की मालकांशी आणि कामगार खात्याशी बोलता येतं.

वेळ संपत आली, म्हणून धोक्याची लक्षणं पटकन सांगते. एकच पाय लाल, गरम आणि सुजलेला, सोबत ताप किंवा पोटरीत दुखणं. पायाचं बोट काळं-निळं पडणं. जखम न भरणं. पायांना अचानक कमजोरी येणं. यातलं काही असलं तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळंतीण असेल तर एका पायाची सूज अजिबात अंगावर काढू नका.

वहीच्या नमुना पानाच्या चाळीस प्रती आणल्या आहेत, मागून फिरवते. प्रत्येक गटाने एक घ्यावी आणि गावी गेल्यावर झेरॉक्स काढाव्यात. पुढच्या शिबिरात येताना भरलेली पानं घेऊन या, नाव लिहिलं नाही तरी चालेल. मघाशी हात वर केलेल्यांपैकी कुणाकडे जुने रिपोर्ट असतील तर चहाच्या वेळात मला दाखवा. मी औषध सांगणार नाही, पण कोणती तपासणी राहिली आहे ते आपण मिळून बघू.